पुलाखालून गेलेली मेंढरं

आधी माफी मागतो. मी समुद्र पाहिलेला नाही. ज्या रस्त्याबद्दल लिहायला बसलोय, त्या रस्त्यावर माझं पाऊल कधी पडलेलं नाही. खाडीच्या काठावर वाढलेल्या कुणी हे वाचलं, तर त्याला पानोपानी चुका सापडतील. शिवाय लिहिणं हे शिकलेल्या घरातल्या माणसांचं काम आहे असं मला अजूनही वाटतं, आणि आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिलाच. आमचे मराठीचे सर म्हणतात, जे माहीत आहे तेवढंच लिहा. पण मला जे लिहायचं आहे त्यातलं मी फार थोडं पाहिलंय. उरलेलं फोनवरून ऐकलंय, आणि थोडं एका परक्या माणसानं काढलेल्या व्हिडिओत पाहिलंय. तरीही लिहितो, कारण लिहिण्याखेरीज तेव्हा मला काही करता आलं नाही आणि आताही येत नाही.

आमचं गाव बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात, कडा गावाहून थोडं आत. गावात घर आहे, पण त्या घरात आम्ही पावसाळ्यापुरते. दिवाळी झाली की आबा, म्हणजे माझे वडील, मेंढरं घेऊन निघतात. नगर ओलांडायचं, पुणं बाजूला ठेवायचं, घाट उतरायचा आणि खाली कोकणात भात कापून मोकळ्या झालेल्या शेतांत मेंढरं बसवायची. बसवायची म्हणजे रात्री कळप शेतात कोंडून ठेवायचा. शेताला लेंडीखत मिळतं, शेतकरी त्याबदली भात देतो. वळवाचे ढग दिसायच्या आत परत घाट चढायचा. आजा हेच करायचा, आबा हेच करतात, मोठा भाऊ हेच करतो. मी बीडला कॉलेजात आहे.

चालताना सगळं बिऱ्हाड घोडीच्या पाठीवर असतं. मेंढरं कोंडायची जाळी, तिला आम्ही वाघर म्हणतो, ती वाघर आणि तिच्या लाकडी मेखा, भांडी, वाकळा, पिठाचा डबा, पाय बांधलेल्या कोंबड्या. दोन्ही अंगांना झोळ्यांमध्ये वाटेत जन्मलेली कोकरं. आणि सगळ्याच्या वर, वाकळांच्या खोबणीत, घरातलं सगळ्यात लहान मूल धडप्यानं बांधून बसवलेलं. मी तिथं बसलोय. तेव्हा ह्या घोडीची आई होती. ती चालायची तेव्हा खाली भांडी वाजायची आणि मला झोप लागायची. पुढं मला वसतिगृहाच्या शाळेत घातलं, आणि ती जागा काही वर्षं रिकामी राहिली. आता तिथं भावाची मुलगी बसते. पुतणी माझी. बोलायला लागलीय, पण अजून तिला 'काका' नीट म्हणता येत नाही.

आणखी एक गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. वाटेत नदीला पाणी असलं की आबा एक करतात. पाणी जिथं टेकलेलं असतं तिथं काठावर वाघरीची एक मेख ठोकतात, पाण्यावर चिमूटभर भंडारा टाकतात, आणि बसून राहतात. पाणी मेखेच्या वर आलं तर तळ मागं न्यायचा. मेख कोरडी पडली तर पूर उतरतोय. पण मेख कोरडी पडली म्हणून लगेच उठायचं नाही. बसायचं. उतरणारं पाणी उतरतच जातं, जितकं थांबावं तितकं कमी. सीना नदीच्या काठावर एकदा दुसरा एक कळप आमच्या आधी घाईनं पाण्यात शिरला आणि त्यांची मेंढरं वाहून गेली. आम्ही दुसऱ्या दिवशी गुडघाभर पाण्यातून गेलो. तेव्हापासून आबांचं म्हणणं एकच. "पाण्यापाशी ज्याला बसता येतं, तोच पलीकडं जातो."

यंदा घाटाखाली पोचल्यावर आबांचा फोन आला तो वेगळाच होता. आम्ही वर्षानुवर्षं ज्या शेतांत मेंढरं बसवत आलो, त्यांतल्या बऱ्याच शेतांत मुरूम टाकून प्लॉट पाडले होते. उरलेल्यांत दुसरे कळप आधीच बसले होते. मात्र खाडीच्या पलीकडचा एक शेतकरी आबांना बाजारात भेटला होता. आमच्याकडं या म्हणाला, आमच्या शेतांना कधी मेंढरं बसली नाहीत, लागतील तेवढे दिवस राहा.

"खाडी म्हंजी केवढी असती रं?" आबांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. पण मी मोबाईलवर नकाशा काढला. समुद्र जमिनीत आत घुसला होता, आणि त्याच्या तोंडावरून एक नवी रेघ गेली होती. नवा सागरी रस्ता. इवलासाच, पण त्यात दोन मोठे पूल, आणि दोन पुलांच्या मधे एक टेकडी. माझा खोलीतला मित्र नांदूरघाटचा आहे. त्यानं त्या रस्त्याचे व्हिडिओ शोधून दाखवले. रात्री पुलावर निळे दिवे लागतात. लोक गाडीच्या काचा खाली करून ओरडत जातात. एक माणूस सांगत होता, आधी वळसा घालून जाताना अर्धा दिवस मोडायचा, आता चहा घेऊन निघालं की चहाची चव जायच्या आत पलीकडे.

"तुझा आबा आता व्हीआयपी झाला बे," मित्र म्हणाला. "मधी मेंढरं, मागं फॉर्च्युनर. हॉर्न मार म्हणावं आता किती मारतो ते."

मलाही हसू आलं. मी आबांना फोन करून सांगितलं की पूल आहे, मोठा आहे, नवा आहे. पूर्वी तिथं माणसं-जनावरं नेणारी मोठी होडी चालायची, ती पूल झाल्यावर बंद पडली, हेही सांगितलं. माय मागून काहीतरी बोलत होती. आबा म्हणाले, "तुझी माय म्हनती, होडीत बसायचं टळलं ते बरं झालं. तिला लई भ्या वाटत व्हतं."

ते खाडीपाशी पोचले संध्याकाळी. रस्त्याच्या कडेला मोकळ्या माळावर तळ टाकला, काठापासून बरेच मागे, कारण काठावर डास फार होते. सकाळी उजाडल्यावर मेंढरं पुलाच्या तोंडाशी नेली. मी तेव्हा मेसमध्ये पोहे खात होतो. फोन आबांचा, पण आवाज दुसऱ्याच माणसाचा.

"हॅलो, कोन बोलतंय?"

"मी त्यांचा मुलगा. बीडहून बोलतोय. कॉलेजात आहे."

"बीड का? मी परभनीकडचा हाय." तो पुलावरचा सुरक्षा रक्षक होता. "मग तुमीच समजावून सांगा ह्यान्ला. इथनं जनावर जात न्हाई. बैलगाडी न्हाई, सायकल न्हाई, पायी मानूससुदिक न्हाई. बोर्ड हाय मोठा."

"दादा, सकाळी गाड्या कमी असतात. एका बाजूनं नेतील ते. तुम्ही पण आपल्याकडचेच आहात."

"आपल्याकडचा हाय म्हनून तर बोलतोय इतका येळ. पूल काय माझ्या बापाचा हाय का? वर क्यामेरा हाय. एक मेंढरू आत गेलं की माझा फोन वाजतो, आन दोन गेले की माझी नोकरी." मग थोडा आवाज खाली आणून तो म्हणाला, "मलाबी बरं वाटत न्हाई. घरी माझा बाप शेळ्या राखतो."

त्याच्यावर मला रागावता आलं नाही. त्यानं फोन आबांना दिला. आबा म्हणाले, "तू शिकलाला हायेस. कुनाला तरी इचार की."

हे वाक्य आबांनी मला आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. ते माझ्याकडून कधी काही मागत नाहीत. मला वाटलं, शिक्षण कशासाठी असतं ते आता कळणार.

मी रस्त्याच्या हेल्पलाइनचा नंबर शोधला. बराच वेळ रेकॉर्ड केलेला आवाज मला वेगवेगळी बटणं दाबायला सांगत राहिला. गाडी बंद पडली असेल तर एक, अपघात असेल तर दोन. मेंढरांसाठी कुठलंच बटण नव्हतं. शेवटी एक बाई बोलल्या. आवाजानं चांगल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि परवानगीसाठी लेखी मागणी करावी लागेल, ती वरच्या कार्यालयात जाईल, असं सांगितलं. किती दिवस लागतील म्हटल्यावर म्हणाल्या, "आत्तापर्यंत अशी मागणी कुणी केलेली नाही, सर. त्यामुळे मी सांगू शकत नाही." मला सर म्हणणाऱ्या त्या पहिल्या.

कुणी म्हणेल, टेम्पोत घालून न्यायची मेंढरं. मित्रानंही तेच विचारलं. पण त्या दिवसांत निम्म्याहून जास्त मेंढ्या गाभण होत्या. मागं एकदा अशा मेंढ्या टेम्पोत भरल्या होत्या, आणि उतरवल्यावर त्या गाभडल्या. मेलेली कोकरं मायनं खड्डा काढून पुरली. तेव्हापासून आबा गाभण मेंढी गाडीत चढवत नाहीत. आणि खाडीच्या टोकाला वळसा घालून जावं, तर तो रस्ता कारखान्यांच्या मधून जातो, दोन्हीकडं भिंती, चरायला काडी नाही. त्यात अलीकडच्या काठावर गोडं पाणी नव्हतं. मेंढरांनी आदल्या दुपारपासून पाणी प्यायलेलं नव्हतं. समोर डोळे पुरणार नाहीत एवढं पाणी, आणि मेंढरं त्याला तोंड लावून मागं फिरत होती.

मी दोन-तीन ठिकाणी अजून फोन केले. एका ठिकाणी कुणी उचलला नाही. एका ठिकाणी म्हणाले, हे आमच्याकडं येत नाही. मग मी वर्गात जाऊन बसलो, कारण त्या दिवशी तोंडी परीक्षा होती. माझा नंबर आला. सरांनी विचारलं त्यातलं काय आलं, काय नाही, आठवत नाही. बाहेर आलो तर आबांचे मिस्ड कॉल पडलेले.

मी फोन लावला. आबांचा आवाज सकाळपेक्षा मोकळा वाटला.

"पानी उतरतंय," ते म्हणाले.

"कुठलं पाणी?"

"हितलं, खाडीचं. काल सांजच्याला पार काठाला टेकलं व्हतं. सकाळी उठून बघितलं तर तसंच. रातभर भरूनच व्हतं. आता उतराय लागलंय. म्या मेख ठोकली, तर मेखंपासून पार लांब गेलं. वर कुटं तरी सोडल्यालं आसन, ते बंद केलं वाटतं."

आमच्याकडं पाणी असंच असतं. ते वरून कुणीतरी सोडतं तेव्हा येतं आणि दरवाजे बंद केले की जातं. कालवा तसा, नदी तशी. आबांनी संध्याकाळी भरलेलं पाहिलं, सकाळी भरलेलं पाहिलं, मधे ते माळावर झोपले होते. त्या मधल्या वेळात खाडी एकदा रिकामी होऊन पुन्हा भरली असेल, हे त्यांना कोण सांगणार?

"आबा, ते कुणी सोडत नाही. ती भरती-ओहोटी असते. चंद्रामुळं येतं ते पाणी. आता गेलं तरी परत येईल."

"चंद्र सोडतो का पानी?" आबा हसले. मग जवळच्या कुणाला तरी म्हणाले, "ऐका, चंद्र पानी सोडतो म्हनं." मायचाही हसण्याचा आवाज आला.

"आबा, खरं सांगतोय."

"आरं येऊ दे की. पूरबी परत येतो. पन उतरला म्हंजी जायाचं आसतं का न्हाई? हितल्या बाया चिखलात लांबवर गेल्यात, टोपल्या घिऊन, शिंपल्या येचाय. चिखल माणूस पेलतो मंग मेंढरू न्हाई पेलायचा?"

"पण त्या पलीकडं जात नाहीत ना. त्या तिथंच फिरून परत येत असतील."

"मंग मेंढरं कुटं नेऊ, तू सांग. हिथं ऱ्हाऊ? पानी पाजू कुटं? तू सांग, तसं करतो."

आबा चिडून बोलत नव्हते. खरंच विचारत होते.

मी म्हणालो, "परत पाणी कधी येतं ते तिथल्या कुणाला विचारा." ते म्हणाले, त्या रक्षकाला विचारलं. त्यानं सांगितलं, मी पुलावर असतो, मला खालचं माहीत न्हाई. शिंपल्यावाल्या बाया पार लांब होत्या, आणि त्यांची बोली आबांना निम्मी कळायची.

मी म्हणालो, थांबा, मी बघून सांगतो. मोबाईलवर भरतीच्या वेळा शोधल्या. एका मोठ्या बंदराच्या सापडल्या. ते बंदर तिथून किती दूर, तिथली वेळ ह्या खाडीला चालते का, आत पाणी लवकर येतं की उशिरा, काही कळेना. भरती-ओहोटीची व्याख्या मला आठवीपासून पाठ आहे. आकृतीसुद्धा काढता येते, पृथ्वी, चंद्र, आणि दोन्ही बाजूंना फुगलेलं पाणी. त्या आकृतीत घड्याळ नव्हतं. मी पुन्हा फोन लावला तेव्हा तो बंद होता.

फोन बंद म्हणजे काय ते मला माहीत होतं. पाण्यातून जायचं असलं की आबा फोन बंद करतात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळतात आणि घोडीच्या पाठीवरच्या पिठाच्या डब्यात ठेवतात. भावाचा फोन घाटातच फुटला होता. म्हणजे ते निघाले, किंवा निघायच्या तयारीत बिऱ्हाड बांधून बसले होते. डबा बांधला म्हणजे वाकळा बांधल्या, आणि वाकळा बांधल्या म्हणजे वर पुतणीला बसवलं.

मी पुन्हा हेल्पलाइनला फोन केला. सगळी बटणं पुन्हा दाबली. ह्या वेळी दुसऱ्या बाई होत्या.

"तुमची तक्रार काय आहे?"

"तक्रार नाही. माझे आईवडील पुलाखाली आहेत. पुलाखालून चालत चाललेत, मेंढरं घेऊन. लहान मुलगी आहे. तुमच्याकडं कॅमेरे आहेत. बघून एवढं सांगा, पाण्यात आहेत का."

त्या म्हणाल्या, "कॅमेरे रस्त्याकडे असतात, सर. खाली बघणारा एकही नाही."

"कुणाला पाठवता येईल का?"

त्यांनी पोलिसांना कळवते म्हणून माझा नंबर घेतला. मीही पोलिसांना फोन केला. पलीकडून विचारलं, नेमकी जागा सांगा. मी म्हणालो, दोन पुलांपैकी पहिल्या, नाहीतर दुसऱ्या पुलाखाली. ते म्हणाले, कोणत्या काठाकडून? मला काठांची नावं येत नव्हती. बघतो म्हणाले. बघितलंही असेल.

दुपार गेली. मी वसतिगृहाच्या ओट्यावर बसून होतो. समोर पोरं क्रिकेट खेळत होती. एकदा बॉल माझ्यापाशी आला, तो मी फेकलासुद्धा. कुणीतरी विचारलं, काय झालं रे? सांगायला सुरुवात केली, पण सांगता सांगता ते इतकं लांबचं वाटायला लागलं, की मी म्हणालो, काही नाही, गावाकडचं आहे.

संध्याकाळी मेसच्या रांगेत मित्रानं मागून खांद्यावर हात ठेवला. तो नेहमी थापड मारतो. ह्या वेळी नुसता हात ठेवला.

"हे बघ," तो म्हणाला. "तुझेच हायेत का?"

त्या रस्त्याचे व्हिडिओ त्यानं आदल्या दिवशी शोधले होते, म्हणून त्याला आता तसलेच येत होते. हा कुणीतरी पुलावर गाडी थांबवून काढला होता. खाली चमकणारा चिखल, दूरवर पसरलेला, आणि त्यावरून मेंढरांची एक रांग. वरून ती हलत नाहीत असं वाटायचं. पुढं एक माणूस होता, डोक्याला तांबडा पटका. तो भाऊ. मधे दोन बायका, लुगडी वर खोचलेल्या. आणि सगळ्यात मागं, बाकीच्यांपासून थोडी सुटलेली, घोडी. तिच्या पाठीवर ओझं, ओझ्यावर एक पिवळा ठिपका. दिवाळीला मी पुतणीला पिवळं टोपडं नेलं होतं. घोडीच्या तोंडाशी आबा. एका हातात लगाम, एका हातात काठी.

त्यावर गाणं लावलं होतं. कसलंतरी बासरीचं.

व्हिडिओ काही सेकंदांचाच. घोडी एक पाय उचलते, तो चिखलातून निघायला वेळ लागतो, मग निघतो, ती तो पुढं टाकते, आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. मी तो किती वेळा पाहिला सांगता येणार नाही. प्रत्येक वेळी वाटायचं, आता ती दुसरा पाय टाकेल. कोपऱ्यात, समुद्राच्या बाजूला, एक पांढरी रेघ होती. ती पाण्याची होती की उन्हाची, ते फोन डोळ्यांना लावूनही कळलं नाही.

खाली लोकांनी लिहिलं होतं. किती सुंदर. हेच खरं जगणं. निसर्ग आणि माणूस. एकानं लिहिलं होतं, यांना टोल नाही, मजा आहे.

मी लिहिलं, "हे माझे वडील आहेत. पुढं काय झालं? पलीकडं पोचले का? कृपया सांगा." ज्यानं व्हिडिओ काढला होता त्याच्याकडून काही आलं नाही. माझ्या वाक्याला कुणीतरी बदाम टाकला. मित्रानं ते पाहिलं आणि शिवी दिली. मग म्हणाला, "चल, जेव. पोचले असतील. तुझा आबा काय कच्चा गडी न्हाई." त्यानं माझं ताट आणलं. माझ्यासमोर बसून स्वतःचं जेवला, आणि मग माझंही त्यानंच संपवलं, कारण मेसमध्ये ताट टाकलेलं चालत नाही.

फोन सकाळी आला. अनोळखी नंबर. मी दात घासत होतो, तसाच उचलला.

"च्या घेतला का?" माय होती.

आमच्याकडं वाईट बातमी सांगायची एक रीत आहे. आधी चहाचं विचारतात, मग जेवणाचं, मग तिथल्या हवेचं. जेवढे प्रश्न जास्त, तेवढी मला भीती वाटते. मायनं विचारलं, रात्री झोपलास का. पेपर कसा गेला. थंडी पडलीय का तिकडं.

"माय, पोरगी कशी आहे?"

"हाय. बरी हाय. खारं पानी पोटात गेलं थोडं, रातभर ओकत व्हती. आता भाकर खाल्ली. हा फोन हितल्या, खाडीपल्याडच्या बाईचा हाय, तीबी शिंपल्या येचती. तुजा नंबर तुज्या भावाला पाठ व्हता म्हनून लागला. बाई लई गुनाची हाय. आमाला तिच्या पडवीत झोपू दिलं."

"आणि मेंढरं?"

"आली. मागली काई ऱ्हायली, बाकी आली. गोडं पानी पेली. एक मेंढी हितं आल्याबरूबर याली."

मागं कोंबडा आरवला. आमचा नसावा, त्या बाईचा असावा. मी वाट पाहिली.

"लई येळ बसलो रं बाळा," ती म्हणाली. "मेख पार कोरड्यात आली तरी तुजा आबा उठंना. आजून उतरू दी म्हनं, आजून उतरू दी. त्या बाया माघारी आल्या, हात करून कायतरी सांगत व्हत्या. आमाला वाटलं, जा म्हनत्यात. मंग निघालो. मेंढरं हलकी, ती गेली चिखलावरनं. घोडीवर समदं बिऱ्हाड. मधी गेल्यावर तिचं पाय जे रुतलं ते रुतलंच. आदी पोरीला सोडून घेतली, तुज्या वहिनीनं पाठीला बांधली. मंग कोकरं काढली. वाकळा सोडूस्तोवर पानी आलं. आरं, कसं आलं ते कळलंच न्हाई. आवाजबी न्हाई. नुसतं पायाला गार लागलं, आन बघतो तर गुडघ्याला."

"आबा कुठंयत?"

"त्यानं लगाम सोडला न्हाई. छातीएवढं झालं तरी सोडंना. तुज्या भावानं माघारी जाऊन वढून आनला त्याला." तिनं श्वास घेतला. "घोडी न्हाई आली, बाळा."

मी काहीतरी बोललो असेन. काय ते आठवत नाही. आबांना फोन दे म्हणालो.

"तो हितं न्हाई. उजाडल्यापासनं काठावर जाऊन बसलाय. पानी उतरलं की तिला काढायची म्हनतो. बाईनं सांगितलं त्याला, आता काय ऱ्हात न्हाई म्हनून. ऐकत न्हाई. मेखा समद्या तिच्या पाठीवरच गेल्या, म्हनून हातातली काठीच रवलीय पान्याच्या कडंला, आन बसलाय."